पांढऱ्या पेशी १९ हजार, तरी अँटिबायोटिक का नाही?

ताई, भावाचे रिपोर्ट वाचले. त्याला पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज आहे. पोटात कळ येऊन तिसरा दिवस, पित्ताशयात खडे, लायपेज (स्वादुपिंडाचं पाचक रसायन, रक्तात मोजतात) १९०० वरून ६०० वर, पांढऱ्या पेशी १९ हजार. तुमचे प्रश्न दोन. पेशी एवढ्या वाढल्या म्हणजे इन्फेक्शन असणारच, मग डॉक्टर अँटिबायोटिक का देत नाहीत? आणि लायपेज उतरलं तरी त्याला दम का लागतोय?

मी डॉक्टर नाही. सोलापुरातल्या एका लॅबमध्ये २६ वर्षं स्लाइड बघतोय. औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पेशींचं मी सांगतो.

पांढऱ्या पेशी फक्त जंतू दिसला तरच धावतात असं नाही. आपल्याच पेशी फुटून आतला माल बाहेर सांडला तरी धावतात. पित्ताचा खडा स्वादुपिंडाच्या नळीच्या तोंडाशी अडकला की ट्रिप्सिन नावाचं पाचक रसायन, जे एरवी आतड्यात पोचल्यावर कामाला लागतं, ते स्वादुपिंडाच्या पेशीतच कामाला लागतं. स्वादुपिंड स्वतःलाच पचवतं, हे हान्स कियारी यांनी १८९६ मध्येच मांडलं होतं. पण तेवढ्यावर माणूस आयसीयूत जात नाही. फुटलेल्या पेशींतून डीएनए आणि प्रथिनं सांडतात, आजूबाजूच्या पेशी सायटोकाइन, म्हणजे निरोपाची रसायनं, सोडून हाका मारतात आणि काही तासांत न्यूट्रोफिल ह्या पांढऱ्या पेशींची झुंड येते. जंतू एकही नसतो.

अशा पेशंटच्या रक्ताची लेशमन हा रंग लावलेली स्लाइड एकदा बघितली की विसरत नाही. एरवी न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार मणी ओवल्यासारखं दिसतं. इथे कितीतरी पेशींचं केंद्रक नुसतंच नालासारखं वाकलेलं असतं, म्हणजे हाडाच्या मगजाने कच्ची पोरंच पुढे धाडलीत. आत गडद जांभळे दाणे. आम्ही रिपोर्टवर ‘लेफ्ट शिफ्ट, टॉक्सिक ग्रॅन्युल्स’ लिहितो आणि ‘टॉक्सिक’ वाचून नातेवाईक काउंटरवर विचारतात, विषबाधा झाली का हो? तसं काही नसतं. पेशी घाईत तयार झाली, एवढाच त्याचा अर्थ.

आता ह्या पेशी तिथे करतात काय? जंतू मारायचं सामान त्यांच्याजवळ असतंच, ते तिथे मोकळं करतात. त्याने ट्रिप्सिन आणखी जागं होतं. शिवाय न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतो. हे जाळं २००४ मध्ये पहिल्यांदा नीट ओळखलं गेलं. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाचं शेड आतून बघितलं असेल तर लगेच कळेल: सुताचे बारीक तंतू मोरीच्या जाळीवर साचतात आणि पाणी तुंबतं. स्वादुपिंडाच्या बारीक नळ्यांत ह्या जाळ्यांचे गोळे तसेच अडकतात. उंदरांमध्ये न्यूट्रोफिल आधीच कमी करून ठेवले तेव्हा स्वादुपिंडाचं आणि फुप्फुसाचंही नुकसान कमी झालं.

फुप्फुस मुद्दाम म्हटलं, कारण तुमचा दुसरा प्रश्न तिथेच आहे. सायटोकाइन रक्तात उतरले की चवताळलेले न्यूट्रोफिल फुप्फुसातल्या केशवाहिन्यांत अडकतात, भिंती पाझरतात, दम लागतो. लायपेज फक्त स्वादुपिंड फुटलं हे सांगतं. पुढे किती पेटलं ते सांगत नाही. ते आपसूक उतरतं, आजार वाढत असला तरी. म्हणून रोज लायपेज करायला पैसे घालवू नका. (हे लॅबवाला सांगतोय, लक्षात घ्या.) त्यापेक्षा सीआरपी बघा, हे सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन. सायटोकाइनचा निरोप मिळाल्यावर लिव्हर ते बनवतं, त्यामुळे ते एक-दोन दिवस मागून चढतं. ४८ तासांनंतर १५० च्या वर असेल तर आजार जड जाण्याची शक्यता धरतात. आणि दम वाढला, लघवी कमी झाली तर रिपोर्टची वाट न बघता सिस्टरला उठवा.

अँटिबायोटिक आत्ता न देणं हा हलगर्जीपणा नाही. पहिल्या आठवड्यातला ताप आणि वाढलेल्या पेशी बहुतेक वेळा ह्या जंतूविरहित पेटण्याच्याच असतात, आणि उगाच दिलेल्या अँटिबायोटिकने ते विझत नाही. खरा धोका पुढे आहे. एवढी धावपळ झाल्यावर प्रतिकारशक्ती उलट ढेपाळते, आतड्याची भिंत सैल होते आणि आतले जंतू मेलेल्या भागात जाऊन बसतात. हे साधारण दुसऱ्या आठवड्यानंतर. तेव्हा नव्याने ताप चढला, पेशी उतरून परत वाढल्या, तर अँटिबायोटिक लागतंच. नाकातल्या नळीवरून तुमच्या घरात वाद चाललाय म्हणता, तो मिटवा. आतड्यात अन्न गेलं की भिंत धड राहते, म्हणून ती नळी. सलाइनवर उपाशी ठेवणं हे जुनं झालं.

मामा स्टेरॉइडचं म्हणताहेत. ते चालतं एका वेगळ्या, ऑटोइम्यून प्रकारात, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तेव्हा; त्यात आयजीजी-४ नावाची अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी स्वादुपिंडात भरतात. खड्याच्या दुखण्यात त्याचं काम नाही. पेशींची ही धावपळच रोखावी म्हणून लेक्सिपॅफंट नावाचं औषध माणसांवर तपासलं होतं, उपयोग झाला नाही. पेशंट दवाखान्यात पोचेपर्यंत झुंड आत शिरलेली असते.

खड्याचं ऑपरेशन कधी, ते आजार किती जड निघतो त्यावर ठरेल. हलका असेल तर ह्याच ॲडमिशनमध्ये करून घेतात, नाहीतर पोटातलं पाणी निवळायची वाट बघतात.

उद्याचा सीआरपी आला की इथे टाका. पण दुखणं सुरू झाल्यापासून कितवा दिवस, तेही लिहा. नुसत्या आकड्यावरून मला काही बोलता येणार नाही.