नव्या स्टीलच्या डब्याला चुंबक चिकटत नाही, जुन्या ताटाला चिकटतो. खोटं स्टील कोणतं?

दोन्ही खरी असू शकतात. 'चुंबक चिकटला की भेसळ' हा समज भांड्यांच्या बाजारात फार पसरला आहे आणि त्यापायी लोक चांगली भांडी परत करतात, म्हणून नीट सांगतो.

लोखंडाच्या प्रत्येक अणूत काही इलेक्ट्रॉन जोडीविना असतात, त्यामुळे अणू हाच एक बारीक चुंबक असतो. साध्या खिळ्यात या अणूंचे गट असतात, पण त्यांची तोंडं दाही दिशांना, म्हणून खिळा खिळ्याला ओढत नाही. चुंबक जवळ नेला की त्याच्या दिशेने तोंड असलेले गट वाढतात आणि खिळ्याच्या जवळच्या टोकाला विरुद्ध ध्रुव तयार होतो. चुंबकाचं कुठलंही टोक लावा, खिळा चिकटतोच. निकेल आणि कोबाल्टही असेच वागतात. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नाही.

आता स्टेनलेस स्टील. त्याच्या जातींना (ग्रेडना) क्रमांक असतात. ४३० ग्रेडमध्ये १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं, निकेल जवळजवळ नसतं. त्यातली अणूंची मांडणी साध्या लोखंडासारखीच राहते, म्हणून चुंबक घट्ट चिकटतो. तुमचं ताट बहुधा याच जातीचं. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल स्वतः चुंबकाला चिकटणारा धातू, पण इथे तो लोखंडाची मांडणीच बदलून टाकतो, आणि त्या मांडणीत अणूंची तोंडं एका दिशेला येत नाहीत. म्हणजे निकेल घातल्यामुळेच चुंबक सुटतो!

पण चिकटला नाही म्हणून डबा ३०४ चाच, असंही धरू नका. स्वस्त २०२ ग्रेडमध्ये बरंचसं निकेल काढून मँगनीज आणि नायट्रोजन घालतात. त्यालाही चुंबक चिकटत नाही, आणि मिठाच्या पाण्यात ते ३०४ पेक्षा लवकर डागाळतं. या दोघांतला फरक चुंबकाला कळत नाही. त्यासाठी एक्सआरएफ यंत्राने, म्हणजे क्ष-किरण टाकून, धातूतले घटक मोजावे लागतात. आणखी एक गोष्ट फसवते: ३०४ चा पत्रा थंड असताना दाबला किंवा वळवला की तिथली मांडणी थोडी बदलते. म्हणून डब्याच्या वळवलेल्या काठाला, कोपऱ्याला चुंबक किंचित ओढ दाखवतो. तो दोष नाही. तपासायचं तर सपाट भागावर तपासा.

चुंबकाचा घरातला खरा उपयोग इंडक्शनसाठी भांडं निवडताना होतो, आणि तिथे नियम उलटा: चिकटलाच पाहिजे. चुंबक बुडाला लावा, बाजूला नाही, कारण बरीच चांगली भांडी वर ३०४ ची, मध्ये ॲल्युमिनियमचा थर आणि खाली ४३० ची चकती अशी असतात. चुंबक बुडाच्या मध्यापासून कडेपर्यंत सरकवा. मधल्या छोट्या वर्तुळातच चिकटला, तर तेवढाच भाग तापेल आणि कडेचं पिठलं कच्चं राहील. नुसतं ॲल्युमिनियमचं किंवा तांब्याचं पातेलं साधी इंडक्शन शेगडी ओळखतच नाही.

फ्रिजवरचे रबरी चुंबक फार कमकुवत असतात; जुन्या स्पीकरमधला चुंबक घ्या. निओडिमियम या धातूपासून बनवलेला जोरदार चुंबक असेल तर भांडं गार असतानाच लावा, कारण त्याचे साधे प्रकार ८० अंश सेल्सिअसच्या वर आपली ताकद कायमची गमावू लागतात.