लोन काढून मे महिन्यात स्वित्झर्लंड? ताई, जरा थांबा

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. नवरा सातपूरला कंपनीत, त्या घरून अकाउंट्सची कामं करतात, मुलगी 9 वर्षांची. तिघांना येत्या मेच्या सुट्टीत स्वित्झर्लंडमधल्या वेंगन नाहीतर ग्रिंडेलवाल्ड या डोंगरातल्या गावी आठेक दिवस राहून डोंगरात भटकायचंय. टूरवाल्याने 7 लाख 20 हजार सांगितलेत, हातात ट्रिपसाठी ठेवलेले दीड लाख, आणि विचारतायत की 4 लाखांचं पर्सनल लोन घेऊ का 6 लाखांची एफडी मोडू?

ताई, माझं उत्तर दोन्हीला नाही असंच आहे, पण जाऊच नका असं मी म्हणत नाहीये. मे सोडा, सप्टेंबर धरा. यात फक्त पैशांचा मुद्दा नाही, डोंगराचाही आहे.

तुम्हाला चालायचंय ना? मग मे महिन्यात तिथे जाऊन काय चालणार? खाली लाउटरब्रुनेनच्या दरीत हिरवंगार असतं, धबधबे तर बर्फ वितळल्यामुळे फुल जोरात असतात, पण वरच्या वाटा त्या वेळी बर्फाखाली. ग्रिंडेलवाल्डवरून रोपवेने फर्स्ट नावाच्या वरच्या स्टेशनला जाऊन बाखआल्पझे तळ्यापर्यंतची जी सोपी तासाभराची वाट आहे, ज्याचे फोटो बघून लोक तिकीट काढतात, ती साधारण जूनमध्ये मोकळी होते. मेन्लिखेन ते क्लाइने शायडेग, चार-साडेचार किलोमीटरची, समोर आयगर शिखर उभं आणि 9 वर्षांची पोरगी आरामात चालेल अशी वाट, तीही तशीच. काही रोपवे मेंटेनन्ससाठी बंद असतात ते वेगळंच. आणि आपली दिवाळीची सुट्टी धरावी तर नोव्हेंबरमध्ये पुन्हा तीच बोंब. म्हणजे आपल्या शाळांच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या तिथल्या सीझनच्या नेमक्या बाहेर पडतात. गणपती झाल्यावर मुलीची आठवडाभर शाळा बुडवा, चौथीत काही बिघडत नाही.

आता आकड्यांकडे. तुम्ही लिहिलंय की दोघांचे मिळून 1 लाख 35 हजार येतात, 34 हजार होम लोनचा हप्ता, 15 हजार एसआयपी, घरखर्च 66 हजार, उरतात 20. त्यावर 4 लाखांचं लोन 13 टक्क्यांनी 3 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेतेरा हजार आणि एकूण व्याज 85 हजारांच्या घरात. म्हणजे ट्रिप संपल्यावर पुढची 3 वर्षं महिन्याला साडेसहा हजारच हातात, मधे गाडी बिघडली किंवा कोणाला अ‍ॅडमिट करायची वेळ आली की क्रेडिट कार्ड, आणि तिथलं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के असतं. अजून एक, स्वित्झर्लंडला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला बँक स्टेटमेंट द्यावं लागतं, त्यात आधी एकदम 4 लाख आलेले दिसले की प्रश्न विचारला जाऊ शकतो.

एफडी तर अजिबात नाही. एसआयपी थांबवलीत तरी तुमचा महिना 1 लाखाचा आहे, म्हणजे ती 6 लाखांची एफडी हा तुमचा सहा महिन्यांचा आधार आहे. ते ट्रिपचे पैसे नाहीतच.

सप्टेंबरचा हिशोब मी असा धरला. सहा रात्री. तिथलं चलन स्विस फ्रँक, तो शंभर रुपयांच्या वर गेलाच आहे, मी 120 धरतो, कमी पडला तर तुमचा फायदा. विमान तिघांचं 1 लाख 95 हजार, किचनवाला छोटा फ्लॅट रोजचे 200 फ्रँक म्हणजे 1 लाख 44 हजार, ट्रेन-रोपवे दोघांचे 700 फ्रँक म्हणजे 84 हजार, खाणंपिणं 59 हजार, व्हिसा आणि इन्शुरन्स 35 हजार. झाले 5 लाख 17 हजार, वरखर्च धरून साडेपाच. तुमच्याकडे दीड लाख, अकरा महिन्यांचे 2 लाख 20 हजार, मार्चचा इन्सेंटिव्ह 60 हजार, एकूण 4 लाख 30 हजार. कमी पडतात 1 लाख 20 हजार. तेवढ्यासाठी एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, बँका एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त लावतात, आल्यावर महिन्याला 20 हजार भरत सहा-सात महिन्यांत फेडा, व्याज तीन हजारांच्या आसपास जाईल. कुठे 85 आणि कुठे 3!

वाचवायची खरी जागा तिकिटांत आहे. पूर्ण देशभर फिरायचं नसेल तर महागडा स्विस ट्रॅव्हल पास कशाला, एका गावात राहून वर-खाली करायचं असेल तर हाफ फेअर कार्ड घ्या, महिनाभर चालतं, ट्रेन आणि बहुतेक रोपवे अर्ध्या भाड्यात. त्यासोबत फॅमिली कार्ड फुकट मिळतं, आणि 6 ते 15 वर्षांचं मूल आईवडिलांबरोबर बहुतेक ठिकाणी फुकट, म्हणजे मुलीसाठी घाई करायचं काही कारण नाही. युंगफ्राउयोख मी हिशोबात धरलेलं नाही. 3454 मीटरवरचं स्टेशन आहे, 1912 पासून ट्रेन जाते, सगळं मान्य, पण पूर्ण भाडं माणशी दोनशे फ्रँकच्या वर आणि ढग असले तर आत जाऊन पांढरा पडदा बघून यायचं. जायचंच असेल तर आधी बुक करू नका, सकाळी वेबकॅम बघा, आकाश मोकळं असलं तरच वरखर्चातून जा.

कोऑप किंवा मिग्रोस या तिथल्या सुपरमार्केटमधून सामान आणून घरी करा, नळाचं पाणी प्या, बाटल्या विकत घेऊ नका. कार्ड मशीन रुपयात की फ्रँकमध्ये विचारेल तेव्हा फ्रँकच दाबा, रुपये दाबलेत की वाईट रेट गळ्यात. स्वतः बुक केलंत तर बाहेर पाठवलेल्या पैशांवर वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे आधीच कापून घेतला जाणारा टॅक्स, नाही. टूर पॅकेजवर कापतात, रिटर्न भरताना अ‍ॅडजस्ट होतो पण तोवर पैसे अडकतात. शिवाय ग्रुप टूरमध्ये चालायला वेळच कुठे असतो, बसमधून उतरा, फोटो, बस.

एवढं करा, पुढच्या महिन्यापासून 20 हजारांची आरडी वेगळ्या खात्यात चालू करा, आणि या थंडीत मुलीला कळसूबाईला नेऊन बघा. वर जाऊन खुशीत परत आली तर मार्चमध्ये विमानाचे भाव बघायला लागा.