कम्युनिटी कॉलेजातले क्रिमिनल जस्टिसचे क्रेडिट्स बॅचलर्सला सगळे धरतात का?

तुमच्या भाच्याचे न्यू जर्सीतल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, इथे त्यालाच काउंटी कॉलेज म्हणतात) क्रिमिनल जस्टिसचे, म्हणजे गुन्हे, पोलीस आणि न्यायव्यवस्थेच्या अभ्यासाचे, ४५ क्रेडिट्स झालेत. क्रेडिट्स म्हणजे कोर्स पास झाला की डिग्रीच्या खात्यात जमा होणारी एककं. आता तो तिथे कंटाळलाय आणि पुढच्या सेमिस्टरलाच चार वर्षांच्या कॉलेजात जायचं म्हणतोय. तिथल्या सल्लागाराने त्याला ‘सगळे क्रेडिट्स जातात’ असं सांगितलंय आणि ते खरं का, असं तुम्ही विचारताय.

त्या ‘सगळे जातात’पायी माझी दीड वर्षं गेली. म्हणून लिहायला बसले.

आधी तुमचं उत्तर. त्याला म्हणावं, डिग्री पुरी केल्याशिवाय हलू नकोस. न्यू जर्सीत लॅम्पिट कायदा आहे, २००७ सालचा. काउंटी कॉलेजातून दोन वर्षांची असोसिएट डिग्री, म्हणजे ए.ए. (आर्ट्स) किंवा ए.एस. (सायन्स), पूर्ण केली, तर राज्यातल्या सरकारी चार वर्षांच्या कॉलेजांनी ती बॅचलर्सची पहिली दोन वर्षं म्हणून जशीच्या तशी धरायची. पण हे संरक्षण पूर्ण झालेल्या डिग्रीला आहे, ४५ क्रेडिट्सना नाही. अर्धवट सोडून गेला तर त्याचा एकेक कोर्स सुटा तपासला जाईल, आणि प्रत्येक कोर्सचं काय करायचं ते तिकडचे लोक ठरवतील.

आणि डिग्री कुठली, ते बघा. ए.एस. वेगळी, ए.ए.एस. वेगळी. दुसरीत ‘अप्लाइड’ हा एक शब्द जास्त आहे. लॅम्पिट कायदा तिला लागू नाही.

मी २००८ च्या सप्टेंबरमध्ये नाव घातलं, म्हणजे कायदा होऊन वर्ष झालेलं होतं. आम्ही तेव्हा एडिसनला माझ्या मोठ्या दिरांच्या घरी बेसमेंटमध्ये राहत होतो. दिवसा मी ओक ट्री रोडवरच्या एका किराणा दुकानात काउंटरवर असायचे, संध्याकाळी कॉलेज. विषय माझा मीच निवडला होता. माझे वडील साताऱ्यात हवालदार होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी पोलीस ठाण्यात जायचे आणि बाकावर बसून माणसं बघायचे. रडत आलेली बाई तक्रार न देताच का परत जाते, हे मला तेव्हापासून कळून घ्यायचं होतं. सासरी कुणाला हा विषय पटला नाही, पण कुणी आडवंही आलं नाही.

फॉर्मवर क्रिमिनल जस्टिसचे दोन प्रोग्रॅम होते. वर्ग तेच, शिकवणारे तेच, पुस्तकं तीच. फरक चार-पाच कोर्सचा. भाऊजी या देशात आमच्या आधी बारा वर्षं आलेले, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, “अप्लाइड घे. अप्लाइड म्हणजे प्रॅक्टिकल, हातात कागद पडला की नोकरी. बॅचलर्सचं पुढचं पुढे बघू.” मी कॉलेजच्या खिडकीवर जाऊन विचारलं की यातून पुढे बॅचलर्सला जाता येतं का. खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या, हो, क्रेडिट्स सगळे जातात. मी विश्वास ठेवला.

अडीच वर्षांनी ६४ क्रेडिट्स पुरे झाले. चांगले मार्क होते. चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेशही मिळाला आणि मग तो कागद आला, ट्रान्सफर इव्हॅल्युएशनचा. एका ओळीत डावीकडे माझ्या कोर्सचं नाव आणि उजवीकडे त्यांच्याकडचा नंबर, अशा बावीस ओळी. तीन ओळींपुढे सरळ शून्य: पोलीस गस्तीचा (पॅट्रोलचा) कोर्स, खासगी सुरक्षेचा कोर्स आणि मी सहा महिने मर मर करून केलेली इंटर्नशिप. गेले नऊ. उरले ५५. त्यातल्या सात कोर्सपुढे नंबरच्या जागी नुसतं ‘इलेक्टिव्ह’, म्हणजे ऐच्छिक, छापलेलं. मला वाटलं, चला, घेतले तरी. मी तो कागद घेऊन डिपार्टमेंटमध्ये गेले तेव्हा कळलं की ते सात कोर्स ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) येणार, एकूण आकड्यात दिसणार, पण मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, एकही धरणार नाही. मेजरचे कोर्स पुन्हा घ्यायचे. क्रिमिनल लॉ मी एकदा शिकले होते, तोच परत शिकायचा, कारण माझा दोनशेच्या (दुसऱ्या वर्षाच्या) पातळीचा होता आणि त्यांचा तीनशेच्या (तिसऱ्या वर्षाच्या).

पार्किंगमध्ये गाडीत बसून मी बोटांवर हिशोब केला. एका कोर्सची फी म्हणजे तेव्हाचं आमचं महिन्याचं घरभाडं. सात महिन्यांची घरभाडी.

क्रेडिट घेणं वेगळं आणि क्रेडिट लागू करणं वेगळं. कॉलेजवाले पहिल्याबद्दल बोलतात, आपण दुसरं ऐकतो. तुमच्या भाच्याला सल्लागाराने जे सांगितलंय ते खोटं नाही. त्याचे क्रेडिट्स जातील. कुठे जाऊन बसतील, ते त्याने विचारलेलं नाही.

मला थोडं वाचवलं ते वडिलांच्या सवयीने. ठाण्याची स्टेशन डायरी ते घरी कधी आणत नसत, पण घरातही तसंच वागायचे. दुधाचा हिशोब, गॅसची तारीख, सगळं वहीत. मी प्रत्येक कोर्सचा सिलॅबस फाइलला लावून ठेवला होता, आठवड्याच्या वेळापत्रकासकट, पुस्तकाच्या नावासकट. ती फाइल घेऊन मी विभागप्रमुखांची वेळ मागितली. तीन कोर्ससाठी अर्ज केला. त्यांनी माझ्यासमोर माझा सिलॅबस आणि त्यांचा सिलॅबस शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवत वाचले. दोन मान्य केले. तिसऱ्याला नाही म्हणाले, कारण त्यात लेखी प्रबंध नव्हता. त्यांचं बरोबर होतं. सहा क्रेडिट्स मेजरमध्ये परत मिळाले. बाकीचे कोर्स मी पुन्हा केले, नोकरी सांभाळून, दीड वर्ष जास्तीचं.

आता जे मला खरं म्हणजे बोलायचंय ते. आमच्याकडे दर गणपतीला पंचवीस-तीस माणसं जमतात आणि दहावी-अकरावीतली मुलं असली की भाऊजी माझं उदाहरण देतात. “हिची बघा, कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं वाया गेली. थेट मोठ्या कॉलेजात जा.” पंधरा वर्षं मी हे ऐकून आरती करतेय. माझी दोन वर्षं वाया गेली नाहीत. त्या वर्गांत मी इंग्रजीत उभं राहून बोलायला शिकले. पगारातून फी भरली, एक डॉलर कर्ज घेतलं नाही. वाया गेलं ते ‘अप्लाइड’ या एका शब्दामुळे, आणि तो शब्द कुणी सुचवला होता ते घरात सगळ्यांना आठवतं. त्याच इमारतीत, त्याच वर्षी, शेजारच्या बाकावरची मुलगी ए.एस. करत होती. तिचे सगळे धरले. दोष कम्युनिटी कॉलेजचा असता तर तिचेही गेले असते.

आपल्या लोकांत हा मोठा रोग आहे. काउंटी कॉलेज म्हटलं की ‘मार्क कमी पडले का?’ असं विचारतात. राज्यात १८ काउंटी कॉलेजं आहेत, त्यांतून निघालेली मुलं रटगर्सला, राज्याच्या सरकारी विद्यापीठात, जातात. रटगर्सच्या नेवार्क कॅम्पसवर तर क्रिमिनल जस्टिसचं स्वतंत्र स्कूल आहे. आणि क्रेडिट बुडणं हे फक्त आमच्यासारख्यांच्या नशिबी नाही. अमेरिकी सरकारच्याच गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ साली हिशोब मांडला होता की कॉलेज बदलणाऱ्यांचे सरासरी अंदाजे ४३ टक्के क्रेडिट्स बुडतात. मी तो आकडा भाऊजींना दाखवला होता. ते म्हणाले, म्हणूनच सांगतो, बदलूच नका. मी म्हणते, विचारून बदला. लेखी विचारून.

आज मी काउंटी प्रॉसिक्युटरच्या (सरकारी वकिलाच्या) कार्यालयात, गुन्ह्याची झळ बसलेल्या लोकांना मदत करणाऱ्या विभागात काम करते. मार खाल्लेली बाई येते, दुभाषाची वाट बघत कोपऱ्यात बसते, आणि मी मराठीत “पाणी घेता का?” म्हटलं की तिचे खांदे खाली येतात. या नोकरीच्या जाहिरातीत बॅचलर्सची अट होती. ती मी त्या ५५ क्रेडिट्सच्या जोरावर पुरी केली.

काही गोष्टी राहिल्या. कायद्याने क्रेडिट्सची हमी आहे, प्रवेशाची नाही. विशिष्ट कॉलेजात किंवा त्याच मेजरमध्ये जागा मिळेलच असं नाही. हा कायदा राज्याबाहेर चालत नाही. जर्सीच्या बऱ्याच मुलांना न्यूयॉर्कच्या जॉन जे या क्रिमिनल जस्टिसच्या कॉलेजचं वेड असतं, नाव मोठं आहेच, पण तिथे जायचं तर आपलं काय धरतात ते आधी त्यांच्याकडूनच कागदावर घ्यावं. राज्यातल्या कॉलेजांसाठी एनजे ट्रान्सफर ही वेबसाइट आहे. तिथे आपला कोर्स टाकला की पलीकडे तो कशाच्या जागी बसतो ते दिसतं. आणि भाचा पोलिसात जायचं म्हणत असेल तर त्याचं नागरिकत्व बघा. ग्रीन कार्डावर इथे पोलिसाची वर्दी मिळत नाही. एफबीआयचं स्वप्न असेल तर तिथे बॅचलर्स लागते, पण ती क्रिमिनल जस्टिसचीच हवी असं अजिबात नाही. अकाउंटिंगवाले, कॉम्प्युटरवाले त्यांना तितकेच हवे असतात.

४५ झालेत म्हणजे बहुतेक एकच सेमिस्टर राहिलंय. त्याला आज ट्रान्सक्रिप्ट उघडायला सांगा आणि प्रोग्रॅमच्या नावापुढे काय छापलंय ते वाचायला सांगा. ए.एस. असेल तर कंटाळा गिळून पुरं करू दे. ए.ए.एस. असेल तर पुढच्या सेमिस्टरची नावनोंदणी करायच्या आत प्रोग्रॅम बदलायचा फॉर्म भरायला लावा, आणि सगळे सिलॅबस आत्ताच डाउनलोड करून ठेवायला सांगा.