पहिला पेशंट येण्याआधी

सांगली

अनेक आशीर्वाद.

मिरजेच्या डॉक्टरांनी तुला औषधचाचणीच्या कामात घेतलं, फार आनंद झाला. तुझं खरं काम पहिला पेशंट येण्याआधीच आहे.

डॉक्टर सॅम्पल साइज, म्हणजे किती पेशंट घ्यायचे तो आकडा, मागतील. सूत्र उघडण्याआधी त्यांना विचार, ‘किती फरक दिसला तर तुम्ही औषध बदलाल?’ समज, हिमोग्लोबिनमध्ये १ ग्रॅमचा फरक त्यांना मोलाचा वाटतो आणि प्रमाणित विचलन, म्हणजे पेशंटा-पेशंटांमधली एरवीची तफावत, २ ग्रॅम आहे. ५ टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक दिसण्याची जोखीम), ८० टक्के पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरून दोन औषधांच्या दोन गटांपैकी एका गटात ६३ जणी लागतात. फरक अर्ध्या ग्रॅमचा म्हटला की अडीचशेहून जास्त!

मधेच सोडून जाणाऱ्यांचा, म्हणजे गळतीचा हिशोब बरेच जण चुकवतात. २० टक्के गळतीसाठी ६३ ला १.२ ने गुणून ७६ घेतले, तर शेवटी जेमतेम ६१ उरतात. ०.८ ने भाग, ७९ घे. आणि आपल्याकडची गळती हंगाम बघून होते. ऊसतोडीच्या टोळीतल्या बायकांना जानेवारीत घेऊन सहा महिन्यांनी तपासायचं ठरवलंस, तर तोवर कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळी गावी गेलेली असते. मागे उरतात इथल्याच, दोन घास बरे खाणाऱ्या. त्यांच्यावरचा निष्कर्ष टोळीतल्या बाईला लावता येत नाही. पहिल्याच दिवशी संमती घेऊन तिच्या गावचा पत्ता आणि मुकादमाचा फोन लिहून घे.

‘सोमवारी हे औषध, मंगळवारी ते’ अशी वाटणी मान्य करू नकोस. वार कळला की मायेपोटी एखादी सिस्टर अशक्त बाईला नव्या औषधाच्या दिवशी बोलावते, आणि तुलना तिथेच बिघडते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी, कोण कोणत्या गटात ते आत लिहिलेली बंद पाकिटं वापरली. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, न मिळालेल्या ५२ पैकी १४. इतक्या थोड्या पेशंटांवरही लोकांचा विश्वास बसला, कारण कुणाला काय मिळणार हे कुणाच्या हातात नव्हतं.

पाकीट उजेडात धरून बघ, आतलं दिसता कामा नये. आधी वर नाव-तारीख, मगच फोडायचं. सगळे ब्लॉक, म्हणजे दोन्ही औषधं सारखी असलेले पाकिटांचे संच, ४ चे ठेवलेस तर तीन पाकिटं फुटल्यावर चौथ्यात काय आहे ते ओळखता येतं. ४ आणि ६ मिसळ.

गोळ्या मधेच सोडणारीही तिच्याच गटात मोजायची. सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत नोंदणी पहिल्या पेशंटच्या आधी, आणि औषध ज्यावर जोखायचं तो मुख्य निकष एकच.

रविवारपर्यंत प्रोटोकॉलचा मसुदा पाठव. पाकिटांची यादी जोडू नकोस, ती ओपीडीपासून लांब, कुलपात राहू दे.