बाप्तिस्म्याच्या वेळी पश्चात्ताप केला, मग रोज क्षमा का मागायची?

बाप्तिस्मा घेताना क्षमा मिळाली, तर रोज रात्री तीच पुन्हा मागणं म्हणजे देवावर भरवसा नसणंच नाही का, असं तुम्ही विचारलंय. मी काही पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. नाशिकला शरणपुरात राहतो, मंडळीतला साधा माणूस आहे. माझ्यापुरतं सांगतो.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, १३व्या अध्यायात, येशू शिष्यांचे पाय धुतो. पेत्र आधी नाहीच म्हणतो, मग एकदम हात आणि डोकंही धू म्हणतो. (त्याचं सगळंच टोकाचं.) येशू त्याला सांगतो, ज्याची अंघोळ झालीय त्याला पायच धुवावे लागतात. आमच्याकडे द्राक्षबागेतून आलेला माणूस ओट्यापाशी पायांवर तांब्याभर पाणी घेतो. परत अंघोळ करत नाही, पण चिखलाच्या पायांनी आतही येत नाही. बाप्तिस्मा ती अंघोळ. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतसुद्धा रोजची भाकर मागितली की लगेच ऋणं, म्हणजे पापं, सोडण्याचं मागणं येतं.

आपल्या ‘पश्चात्ताप’ शब्दाने जरा घोळ होतो. त्यात ताप आहे, म्हणून वाटतं मनातल्या मनात पोळलो की झालं. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे ‘मेटानोइया’, मन पालटणं. येशूला भेटून पालटलेला श्रीमंत जकातदार जक्कय रडला, असं लूक आपल्या शुभवर्तमानात कुठेच लिहीत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो, एवढंच जक्कय म्हणतो.

हे मला कळायला तीन वर्षं लागली. वडिलांचं घर विकलं तेव्हा कागदपत्रांच्या खर्चात मी बारा हजार वाढवून लावले आणि धाकट्या भावाच्या वाट्यातून कापले. त्याने हिशोब मागितलाही नाही. मी रोज रात्री “प्रभू, आमच्या पापांची क्षमा कर” म्हणायचो आणि झोपायचो. ‘आमच्या’ म्हटलं की बरं पडतं, त्यात सगळं गाव येतं. एका रात्री कोण जाणे कसं, तोंडून आकडा निघाला. बारा हजार. मोठ्याने. बायको उठून बसली.

रविवारी उपासना झाल्यावर स्कूटर काढली आणि नाशिकरोडला त्याच्या घरी गेलो. चौपट काही जमलं नाही, पंधरा हजार नेले होते. त्याने पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, तीन हजार काढून माझ्यासमोर टीपॉयवर ठेवले आणि म्हणाला, “दादा, मला माहीत होतं.” मग भावजयीने चहा आणला आणि आम्ही पाऊस, बागा, आईचे गुडघे यांवर बोलत बसलो.

परत येताना द्वारकेच्या सिग्नलला थांबलो होतो. मनात आलं, माहीत होतं तर तीन वर्षं बोलला का नाही? मुद्दामच गप्प बसला असणार. सिग्नल हिरवा व्हायच्या आत माझे पाय पुन्हा भरले होते.