सोलरला सबसिडी देणं म्हणजे कोळशाच्या विजेवर अन्याय नाही का?

नाही. कोळशाच्या विजेलाही मदत मिळतेच, फक्त ती बिलात दिसत नाही.

मी नाशिकरोडला राहतो. जवळच एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र आहे, २१० मेगावॅटचे तीन संच. कोळसा, रेल्वेभाडं, पगार, व्याज हे सगळं युनिटच्या दरात येतं. कोळसा जाळून हवेत जाणारी बारीक धूळ आणि सल्फर डायऑक्साइड यांनी होणारं आजारपण मात्र दरात नसतं. ते पैसे आसपासची माणसं दवाखान्यात भरतात, त्यांनी ती वीज वापरलेली असो वा नसो. हा खर्च कर लावून प्रदूषण करणाऱ्याकडूनच घ्यावा, ही अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांची मांडणी १९२० सालची आहे.

आपल्याकडे प्रयत्न झाला. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लागला, २०१६ मध्ये तो ४०० झाला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो पैसा जीएसटीमुळे राज्यांचा बुडालेला महसूल भरून देण्याकडे वळला. सल्फर डायऑक्साइडची मर्यादा २०१५ मध्ये ठरली, पण ती पाळायची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. मला सगळ्यात जास्त हेच खटकतं.

छतावरच्या ३ किलोवॅट सोलरला केंद्र ७८,००० रुपये देतं, ते कायम द्यावेत असं माझं म्हणणं नाही. कोळशाच्या दरात आजारपणाचा खर्च धरा, मग सोलरची सबसिडी बंद केली तरी चालेल.

सातपूर-अंबडच्या कारखानदारांची तक्रार वेगळी आहे: शेतीपंपांच्या स्वस्त विजेचा भार उद्योगांच्या दरावर पडतो. तीही रास्त आहे, पण त्यात सोलरचा दोष नाही.