तारखेच्याच दिवशी पेपर आहे, कोर्टात कसं जाऊ?

प्रश्न: ताई, मी मूळचा सांगलीचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मित्राच्या वाढदिवसाहून रात्री येताना नाकाबंदीत अडवलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा जास्त आला. लायसन ठेवून घेतलं आणि आता कोर्टाचं समन्स आलंय. नेमका त्याच सकाळी विद्यापीठाचा पेपर आहे. रूममेट म्हणतो जाऊच नको, एका तारखेला नाही गेलं तर काही होत नाही. दादा म्हणतो तुझ्याऐवजी मी जाऊन दंड भरून येतो. घरी अजून सांगितलेलं नाही. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: पेपर दे, तो बुडवायची काही गरज नाही. पण रूममेटचं अजिबात ऐकू नकोस. पट्टेवाल्याने तुझ्या नावाचा पुकारा केला आणि तू नाहीस, तुझ्यातर्फे वकील नाही, फाइलला साधा अर्जसुद्धा नाही, तर कोर्टाला एवढंच दिसतं की बोलावलं आणि हा आला नाही. मग वॉरंट निघू शकतं आणि ते घेऊन पोलीस तुझ्या कायमच्या पत्त्यावर, म्हणजे सांगलीच्या घरी जातात. आईबाबांना असं कळण्यापेक्षा तू आजच फोन करून सांगून टाक, ओरडतील पण सोबत उभे राहतील.

दादाचा बेत तर साफ सोडून दे. हे मोबाइलवर भरून मिटणारं हेल्मेटचं चलन नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहे, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की लागतं, पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. गुन्हा कबूल आहे का हे कोर्ट आरोपीलाच विचारतं, आणि दादा तुझ्या नावाने उभा राहिला तर तो वेगळाच गुन्हा होऊन बसेल.

तुझ्यापुढे दोन रस्ते आहेत, मला पहिला जास्त बरा वाटतो. तारखेच्या आधीच कोर्टात जा. समन्सवर कोर्टाचं नाव आणि केस नंबर असतो, त्याची झेरॉक्स आणि हॉल तिकिटाची झेरॉक्स घे आणि सकाळी काम सुरू व्हायच्या आधी त्या कोर्टहॉलला पोच, तेव्हा बेंच क्लार्क, म्हणजे न्यायाधीशांसमोर फायली ठेवणारे कर्मचारी, डायसखालच्या टेबलावर त्या दिवसाच्या फायली लावत असतात, त्यांना नीट सांग की अमुक तारखेला पेपर आहे म्हणून केस आजच्या बोर्डावर, म्हणजे आजच्या कामाच्या यादीत, घ्यावी असा अर्ज द्यायचाय. अर्जाला कोर्ट फी स्टँप किती लागेल तेही तिथेच विचार. न्यायाधीशांनी मंजूर केला तर केस त्याच दिवशी पुढे येते, नाही केला तरी तू आधीच येऊन गेलास याचा कागद फाइलला लागतो, आणि त्याची किंमत मोठी आहे. फक्त एक, समन्स नसून पोलिसांच्या पावतीवर नुसती तारीख लिहिलेली असेल तर खटला कोर्टात दाखल झालाय का हे आधी त्या ट्रॅफिक विभागात विचारून घे, नाहीतर हेलपाटा पडेल.

दुसरा रस्ता म्हणजे वकीलपत्र देऊन त्या दिवसापुरता गैरहजेरी माफीचा अर्ज. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्यात, कलम २२८ आणि ३५५ त्यासाठीच आहेत, वकिलामार्फत हजर राहायची परवानगी मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. देतीलच असं नाही, पण परीक्षा हे खरं कारण आहे आणि त्याला पुरावा आहे. पुढची तारीख वकिलाकडून त्याच संध्याकाळी विचारून घे आणि ती मात्र चुकवू नकोस.

आणि हे मी मुद्दाम सांगते, घाई आहे म्हणून पटकन कबूल करून मोकळा होऊ नकोस. कबुली म्हणजे दोष सिद्ध होणं, पुन्हा कधी सापडलास तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही अशी वाढते, आणि नोकरीच्या फॉर्मवर कधी शिक्षा झाली होती का हा रकाना असतोच. तेव्हा आधी वकिलाशी बोल. पैशाची अडचण असेल तर जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, १५१०० या हेल्पलाइनवरही सल्ला मिळतो.

प्रश्न: मला मोबाइलवर जुन्या चलनांसाठी लोकअदालतीची नोटीस आली आहे. त्याच शनिवारी धाकट्या बहिणीचं लग्न आहे. गेले नाही तर पोलीस येतील का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: नाही हो, निवांत लग्न करा. लोकअदालत म्हणजे तडजोडीचं बोलावणं, खटल्याचं समन्स नाही. तुम्ही गेला नाहीत तर तडजोड होत नाही एवढंच, चलन मात्र तसंच राहतं आणि पुढे कोर्टात जाऊ शकतं. दंड मान्य असेल तर त्याआधीच महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून भरा, मग जायचं कारणच उरत नाही. फोटोत गाडी तुमची नसेल किंवा नंबर चुकीचा वाचला असेल तर भरू नका, तिथेच तक्रार नोंदवा. आणि त्या मेसेजमधली लिंक दाबू नका, वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा. हल्ली चलनाच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे दाबली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, पाठवून लोकांची खाती रिकामी करतात. तुमच्या गाडीच्या नंबरवर वेबसाइटला काहीच दिसत नसेल तर तो मेसेज खोटा असण्याची शक्यता जास्त, पैसे न भरता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.